एका पगारी अधिपतीचें आत्मकथन

आपल्याकडे कारखानदाराचें चरित्र म्हटलें कीं डोळ्यांपुढें उभा राहतो तो संस्थापक. ओसाड माळावर १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसविणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर काय, किंवा रेल्वेच्या कंत्राटांपासून आरंभ करून जहाजांच्या धंद्यापर्यंत जाऊन पोहोंचलेले वालचंद हिराचंद काय, त्यांच्या आयुष्याला कथेचा आकार आपोआपच येतो. आधीं कांहीं नव्हतें, मग संकटें आलीं, मग जिद्द कामाला आली आणि शेवटीं धुराडें उभें राहिलें. चरित्रकारानें मागें मागें चालत जावें इतकेंच काम त्याला उरतें. पण ज्यानें कंपनी स्थापिली नाहीं, जिच्या भांडवलांत ज्याचा वांटा नांवापुरता, जी त्याच्या येण्याआधीं होती व त्याच्या मागेंही राहावी अशीच सर्वांची अपेक्षा, आणि जिच्या अत्युच्च आसनावर तो उणींपुरीं पांच वर्षें बसला, अशा मनुष्याचें चरित्र कोणत्या मापानें मोजावें? त्याला धनी म्हणतां येत नाहीं, कारण धन दुसऱ्यांचें आहे. निव्वळ चाकर म्हणावें तर लाखभर माणसांचें पोट त्याच्या सहीवर अवलंबून असतें. पगारी अधिपति हेंच नांव त्याला त्यांतल्या त्यांत शोभेल. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत या वर्गांतील माणसें पश्चिमेकडे पुष्कळ झालीं आणि त्यांपैकीं कांहीं लिहूंही लागलीं.

त्यांतील सर जॉन हार्वे-जोन्स यांच्या दोन पुस्तकांविषयीं व त्यांच्यामागील कर्तृत्वाविषयीं येथें लिहावयाचें आहे. हार्वे-जोन्स हे १९८२ पासून १९८७ पर्यंत ‘इंपीरियल केमिकल इंडस्ट्रीज’ ऊर्फ ‘आय. सी. आय.’ या ब्रिटिश कंपनीचे चेअरमन होते. पद सोडल्यावर लगेच, १९८८ सालीं, त्यांनीं नेतृत्वाविषयींचे आपले विचार ‘मेकिंग इट हॅपन’ या नांवानें प्रसिद्ध केले. १९९१ सालीं ‘गेटिंग इट टुगेदर’ हें आत्मचरित्र बाहेर पडलें. पहिल्या पुस्तकाला अफाट वाचकवर्ग मिळाला. त्याचें नांवच पाहा. मराठींत ‘घडणें’ आणि ‘घडविणें’ अशीं दोन क्रियापदें आपण सहज वापरतों. व्याकरणकार दुसऱ्याला प्रयोजक म्हणतो आणि मोकळा होतो. आपल्या इंग्रज ग्रंथकाराचा सारा दावा या प्रयोजकावर उभा आहे. गोष्टी आपोआप घडत नसतात, त्या कोणी तरी घडवाव्या लागतात, आणि असा घडविणारा तोच नेता, हें त्याचें प्रतिपाद्य. माझें म्हणणें असें कीं, खुद्द हार्वे-जोन्स यांचें आयुष्य या दाव्याला पुरता आधार देत नाहीं. आणि जेथें तें आधार देत नाहीं तेथेंच तें अधिक पाहण्याजोगें झालें आहे.

प्रथम ती कंपनी कोणती हें सांगितलें पाहिजे, कारण नव्या पिढीच्या कानांवर तिचें नांव क्वचितच पडत असेल. १९२६ सालीं ब्रूनर मंड, नोबेल, युनायटेड अल्कली व ब्रिटिश डायस्टफ्स या चार कंपन्या एकत्र होऊन ती जन्मास आली. नांवांतील ‘इंपीरियल’ हा शब्द शोभेचा नव्हता. साम्राज्याच्या बाजारपेठा तिच्या डोळ्यांपुढें होत्या. तिचे पहिले चेअरमन सर आल्फ्रेड मंड. ऑल्डस हक्सले यांनीं तिचा बिलिंगहॅम येथील प्रचंड कारखाना पाहिला होता, आणि ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ (१९३२) या कादंबरींतील जगाचा कारभार हांकणाऱ्या एका अधिकाऱ्याला त्यांनीं मुस्तफा मंड हें नांव दिलें! वाङ्मयांत अशा रीतीनें अमर झालेला दुसरा चेअरमन माझ्या पाहण्यांत नाहीं. पॉलिथीनचा शोध याच कंपनीच्या प्रयोगशाळेंत १९३३ सालीं लागला. मराठी घरांनाही ती अगदींच परकी नव्हती. भिंतींना ‘ड्युलक्स’ लावणारानें तिचाच रंग घेतला. आणि ज्या धाग्यानें आपल्याकडील नोकरदारांना रोजच्या इस्त्रीच्या कटकटींतून सोडविलें, तो टेरिलीनचा धागा ब्रिटनमध्यें हीच कंपनी काढीत असे. तिच्याशीं संलग्न असलेल्या कंपनीचा ‘टेरीन’चा कारखाना आपल्या ठाण्यासच होता.

हार्वे-जोन्स यांच्या बालपणाचा धागा तर आपल्या इतिहासांतच गुंतलेला आहे. जन्म १९२४ चा, लंडनमधला. पण पहिलीं वर्षें गेलीं तीं माळव्यांत, धार येथें. धार म्हणजे पवारांची गादी. जॉनचे वडील तेथील अल्पवयीन महाराजांचे पालक म्हणून नेमले गेले होते. एका परक्या मुलाला राजा करण्याचें काम वडिलांकडे, आणि स्वतःचा मुलगा मात्र सहाव्या वर्षीं घरापासून तोडून इंग्लंडांत, केंट परगण्यांतील निवासी शाळेंत धाडलेला! साम्राज्याच्या या रिवाजानें किती इंग्रज मुलांचीं मनें करपलीं याची मोजदाद कोणीं केलेली नाहीं. किपलिंगनें स्वतःच्या अशाच दुःखाची गोष्ट शंभराहून अधिक वर्षांपूर्वीं लिहून ठेवली, तरी रिवाज चालूच राहिला. हार्वे-जोन्स यांचे शाळेंतील दिवस अत्यंत दुःखाचे होते. तेथें एकाकीपणा होता, दांडग्या मुलांचा जाच होता, आणि तक्रार ऐकणारें माणूस हजारों मैल दूर होतें. पुढें जो गृहस्थ लांब केसांनीं, भडक रुंद नेकटायांनीं आणि गडगडाटी हास्यानें सबंध ब्रिटनला परिचित झाला, त्याच्या त्या मोकळेपणाच्या मुळाशीं हा मुका मुलगा आहे असें मला वाटतें. हा माझा तर्क आहे. पण त्यांच्या उत्तरायुष्यांतील एक गोष्ट या तर्काला पोषक आहे. अधिकाराच्या उतरंडीचा, मानपानाचा आणि ‘वरिष्ठांनीं बोलावें, कनिष्ठांनीं ऐकावें’ या शिस्तीचा त्यांना जो तिटकारा होता तो पुस्तकांतून शिकलेला वाटत नाहीं.

१९३७ सालीं ते डार्टमथच्या आरमारी विद्यालयांत गेले आणि सोळाव्या वर्षीं युद्धनौकेवर चढले. पुढें ज्या दोन विनाशिकांवर त्यांनीं काम केलें त्या दोन्ही शत्रूच्या माऱ्याला बळी पडल्या. मग पाणबुड्या आल्या. युद्धानंतर केंब्रिजला अल्पावधींत रशियन भाषा शिकून ते आरमाराच्या गुप्तवार्ता-विभागांत शिरले. जर्मनांच्या आरमारांतून हातीं आलेल्या वेगवान बोटी घेऊन बाल्टिक समुद्रांत सोव्हिएट जहाजांची टेहळणी करावयाची, आणि बाहेरून नांव मात्र मच्छीमारांच्या संरक्षणाचें द्यावयाचें, असा तो उद्योग होता. एखाद्या कादंबरीकाराला एवढें भांडवल जन्मभर पुरलें असतें. नेतृत्व म्हणजे काय तें आपण आरमारांत शिकलों असें हार्वे-जोन्स सदैव मानीत आले. तें खरें असावें. पाणबुडींतील माणसें थोडीं, जागा त्याहून थोडी, आणि एकाची चूक ती सर्वांची मृत्युघंटा. तेथें हुकूम चालतो तो हुद्द्याच्या जोरावर फार वेळ चालत नाहीं.

परंतु या आरमारी पर्वाचा शेवट ज्या प्रसंगानें झाला तो माझ्या मतें त्यांच्या साऱ्या आयुष्याचा मध्यबिंदु आहे. त्यांच्या मुलीला पोलिओ झाला. पत्नी व मुलगी यांच्याजवळ राहतां यावें म्हणून त्यांनीं सवलत मागितली. आरमारानें ती नाकारली. १९५६ सालीं त्यांनीं राजीनामा दिला. एकोणीस वर्षांची चाकरी, सन्मान, बढतीची खात्री, सारें सोडून बत्तिसाव्या वर्षीं ते इंग्लंडच्या ईशान्येस टीस नदीच्या मुखाशीं असलेल्या विल्टनच्या कारखान्यांत ‘वर्क स्टडी’चे एक सामान्य अधिकारी म्हणून लागले. कामगाराच्या हालचाली किती, त्यांना वेळ किती लागतो, त्यांतली कोणती टाळतां येईल हें पाहणारा मनुष्य कामगारांत फारसा लोकप्रिय नसतो. ज्या माणसानें एका मोठ्या संस्थेला ‘माझ्या घरच्या दुःखाला तुझ्या नियमांत जागा नाहीं’ म्हणून पाठ दाखविली, तोच माणूस पुढें दुसऱ्या, कितीतरी मोठ्या संस्थेचा नियामक होणार होता. ही गोष्ट वाचकानें मनाशीं धरून ठेवावी.

विल्टनमधील पुढचीं वर्षें भराभर सांगतां येतील. पेट्रोकेमिकल्स विभागाचे ते १९७० सालीं प्रमुख झाले आणि १९७३ सालीं कंपनीच्या मुख्य संचालक-मंडळांत आले. येथून १९८२ पर्यंतचीं नऊ वर्षें ‘मेकिंग इट हॅपन’ या पुस्तकाच्या दृष्टीनें जवळजवळ पडीक जमीन आहे, आणि टीकाकाराच्या दृष्टीनें सर्वांत पिकाऊ. या काळाचा चांगला साक्षीदार पुस्तकाबाहेरच भेटतो. अँड्र्यू पेटिग्र्यू या प्राध्यापकांनीं अनेक वर्षें या कंपनीचे कागद चाळून आणि तिच्यांतील माणसांशीं बोलून १९८५ सालीं ‘दि अवेकनिंग जायंट’ हा ग्रंथ लिहिला. त्यांतून दिसतें तें असें. मंडळ फार मोठें आहे, प्रत्येक संचालक आपापल्या विभागाचा वकील होऊन बसतो, उद्यांचा विचार करावयास कोणालाच सवड नाहीं, हें हार्वे-जोन्स १९७३ पासूनच सांगत होते. समित्या नेमल्या गेल्या, टिपणें लिहिलीं गेलीं, चर्चा झाल्या. घडलें फार थोडें. धंदा बरा चालला होता, आणि बरा चाललेला धंदा कोणाचें ऐकतो?

मग १९८० साल उजाडलें. उत्तर समुद्रांतील तेलानें व चढ्या व्याजानें पौंडाचा भाव दोन डॉलर चाळीस सेंटांच्या आसपास जाऊन बसला. निर्यातीवर जगणाऱ्या कारखान्यांची माती झाली. इतक्या वर्षांत जें घडलें नव्हतें तें घडलें. कंपनीनें एका तिमाहीचा तोटा जाहीर केला आणि भागीदारांच्या लाभांशालाही कात्री लावली. ब्रिटनच्या उद्योगाची नाडी म्हणून या कंपनीकडे पाहण्याचा प्रघात असल्यामुळें लंडनला तो धक्का फार बसला. अशा वेळीं, १९८२ च्या एप्रिलपासून, सहकारी संचालकांनीं जो मनुष्य चेअरमन निवडला तो रसायनशास्त्रज्ञ नव्हता. बरा काळ टिकला असता तर असला बडबड्या आणि बंडखोर मनुष्य त्या आसनावर बसला असता काय, याची मला शंका आहे. पेटिग्र्यू यांच्या विवेचनाचा निष्कर्षही याच दिशेचा आहे. मोठ्या संस्थांत बदल रोज थोडा थोडा होत नाहीं; दीर्घ काळ सारें थिजलेलें असतें, आणि संकट आलें म्हणजे, पूर्वींपासून कोणीं विचार करून ठेवला असेल तर, एकदम वाट फुटते. घडविणारा तेथें लागतोच. पण घडण्याची वेळ त्याच्या हातीं नसते.

ही वाट फुटल्यावर हार्वे-जोन्स यांनीं जें केलें तें मात्र कोणीही कौतुक करावें असें आहे. त्यांनीं आरंभ केला तो आपल्याच दारापासून. संचालकांची संख्या कमी केली. टेम्सच्या कांठीं मिलबँक येथें कंपनीची जी राजवाड्यासारखी कचेरी होती तिच्या डामडौलाला त्यांनीं हात घातला. संचालकांना त्या वास्तूबाहेर नेऊन दिवसच्या दिवस चर्चेस बसविलें. लांबलचक टेबल, कोट आणि औपचारिक ठराव बाजूला सारून सदऱ्याच्या बाह्या सरसावून बोलावें असा नवा शिरस्ता पाडला. बाहेरच्याला हें पोरकट वाटेल. पण ज्या सभेंत प्रत्येकजण आधीं लिहून आणलेलें वाचून दाखवितो त्या सभेंत विचार होत नाहीं, हें कोणत्याही मराठी संस्थेच्या कार्यकारी मंडळावर बसलेल्या वाचकाला सांगावयास नको. त्यांच्या पहिल्या पुस्तकांतील संचालक-मंडळाविषयींचें विवेचन मला सर्वांत अधिक आवडलें तें याच कारणानें; तेथें ग्रंथकार उपदेश करीत नाहीं, हातानें केलेलें काम दाखवितो.

१९८४ सालीं कंपनीचा नफा एक अब्ज पौंडांच्या पलीकडे गेला. ब्रिटनमधील कारखानदारीच्या कंपन्यांत ही मजल प्रथम तिनेंच मारली. १९८५ सालीं चेअरमन ‘सर’ झाले. वर्तमानपत्रांनीं हा चमत्कार एका माणसाच्या नांवावर मांडला, आणि पुढें तें पुस्तक निघालें तेव्हां त्याच्या नांवानें या हिशेबावर शिक्कामोर्तब झालें. मला या हिशेबांत तीन रकमा वगळलेल्या दिसतात. पहिली पौंडाची. जो पौंड १९८० च्या अखेरीस दोन डॉलर चाळीस सेंट होता तो १९८५ च्या आरंभीं एक डॉलर पांच सेंटांच्या जवळ येऊन ठेपला. ज्या चढत्या भावानें कंपनीला लोळविलें त्याच्याच उतरत्या भावानें तिला उठविलें, असें म्हटलें तर फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं. दुसरी रक्कम औषधांची. या कंपनीच्या औषध-विभागांत साठाच्या सुमारास जेम्स ब्लॅक यांनीं हृदयविकारावरील प्रोप्रॅनोलॉल शोधलें. त्याच परंपरेंतलें अटेनोलॉल १९७६ मध्यें विक्रीस आलें. स्तनाच्या कर्करोगावरील टॅमॉक्सिफेन तेथलेंच. ब्लॅक यांना १९८८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. रसायनांच्या भट्ट्या तोट्यांत असतां कंपनीला तारणाऱ्या धंद्यांत औषधें फार वर होतीं, आणि तें झाड लावणारे हात निराळे होते. हार्वे-जोन्स यांनीं तें तोडलें नाहीं, त्याला पाणी घातलें, हें श्रेय त्यांचें खरेंच.

तिसरी रक्कम माणसांची. १९८० नंतरच्या चार-पांच वर्षांत ब्रिटनमधील या कंपनीचा नोकरवर्ग सुमारें एक तृतीयांशानें घटला. ही कपात त्यांच्या आधींचे चेअरमन सर मॉरिस हॉजसन यांच्या कारकीर्दींतच सुरू झाली होती, आणि ती टाळतां आली असती असें म्हणण्याचें धाडस मी करीत नाहीं. विल्टन व बिलिंगहॅम या भोंवतालच्या गांवांत तेव्हां दुसरें काम मिळणें किती कठीण होतें हें ब्रिटनच्या त्या दशकाचा इतिहास वाचणाऱ्यास ठाऊक आहे. माझी तक्रार ग्रंथकाराशीं आहे, चेअरमनशीं नव्हे. माणसांविषयीं इतक्या जिव्हाळ्यानें बोलणारें, माणूस हीच कंपनीची खरी पुंजी असें पानोपानीं मानणारें हें पुस्तक. त्यांत राहिलेल्या माणसांना हुरूप कसा द्यावा याचा विचार भरपूर आहे. गेलेलीं माणसें मात्र धोरण म्हणून येतात, व्यक्ति म्हणून येत नाहींत. मुलीच्या आजारासाठीं आरमाराचें तोंड न पाहण्याचा निश्चय करणारा तो १९५६ चा लेफ्टनंट-कमांडर या पानांवर आला असता, आणि विल्टनच्या दारांतून शेवटची पगाराची पाकिटें घेऊन निघालेल्यांकडे त्यानें एकदां पाहिलें असतें, तर पुस्तकाचा गळा निराळ्या तऱ्हेनें दाटून आला असता. तें सामर्थ्य ग्रंथकारापाशीं होतें. आत्मचरित्रांत तें दिसतें. म्हणूनच ही उणीव खटकते.

भाषेविषयीं चार शब्द. या प्रकारच्या ग्रंथांचा तो सुगीचा काळ होता. ब्रिटिश लेलँडचे सर मायकेल एडवर्ड्स यांचें ‘बॅक फ्रॉम द ब्रिंक’ १९८३ सालचें. अमेरिकेंत क्रायस्लर कंपनीच्या ली आयकोका यांचें आत्मचरित्र १९८४ सालीं निघून लाखोंनीं खपलें. एडवर्ड्स यांचा ग्रंथ एखाद्या सेनापतीच्या रोजनिशीसारखा आहे. आयकोका तर आपल्या शत्रूंचे हिशेब चुकते करावयास बसले आहेत. हार्वे-जोन्स यांच्या लिहिण्यांत शत्रु नाहींत. वाक्यें बोलल्यासारखीं, एकांतून दुसरें निघणारीं, मध्येंच विषय सोडून भलतीकडे वळणारीं. सूत्रें, कोष्टकें आणि ‘यशाच्या सात पायऱ्या’ यांचा त्यांत मागमूस नाहीं. व्यवस्थापनाच्या पुस्तकांत हा गुण किती दुर्मिळ हें तीं वाचण्याची ज्यांच्यावर वेळ आली आहे तेच जाणतील. बैठकीच्या मानानें हा लेखक पाल्हाळिक आहे. एकच मुद्दा तिसऱ्यांदा आला म्हणजे वाचक घड्याळाकडे पाहतो. पण ढोंग नाहीं.

पद सोडण्यापूर्वींच, १९८६ सालीं, त्यांनीं बी. बी. सी. वरील डिंबलबी व्याख्यान दिलें. कारखानदारीला कांहीं महत्त्व आहे कीं नाहीं, हा त्याचा विषय. सेवा-धंद्यांवर व पेढ्यांवर देश जगेल अशी हवा लंडनमध्यें वाहत असतांना, वस्तु तयार केल्यावांचून राष्ट्राचें भागणार नाहीं असें एका मोठ्या कंपनीच्या अध्यक्षानें भर सभेंत बजावणें ही साधी गोष्ट नव्हती. तत्कालीन सरकारला तें रुचलें नाहीं हें सांगणें नलगे.

१९९० सालीं बी. बी. सी. नें ‘ट्रबलशूटर’ ही मालिका दाखविली आणि हार्वे-जोन्स घरोघरीं जाऊन पोहोंचले. अडचणींतल्या लहान धंद्यांकडे जावें, कारखाना फिरून पाहावा, मालकाला तोंडावर खरें सांगावें, असें तिचें स्वरूप. त्यांतला मॉर्गन मोटारींचा भाग अजून लोकांच्या स्मरणांत आहे. वूस्टरशरमध्यें मॅल्व्हर्न लिंक येथें हें घराणें १९०९ पासून हातानें मोटारी बनवीत आलें. गाडीचा सांगाडा ॲश नांवाच्या लाकडाचा. अर्धवट तयार झालेल्या गाड्या या छपरांतून त्या छपरांत हातानें ढकलत न्यावयाच्या. आणि मागणी नोंदविल्यावर गिऱ्हाइकानें वर्षानुवर्षें वाट पाहावयाची. वैद्यबुवा हें पाहून थक्क झाले. उत्पादन वाढवा, किंमत वाढवा, ही ताटकळणाऱ्यांची रांग कमी करा, असें त्यांनीं सांगितलें. मॉर्गन पितापुत्रांनीं कॅमेऱ्यादेखत नकार दिला. कार्यक्रम प्रसिद्ध झाला आणि गिऱ्हाइकांची रांग आणखी लांबली!

या प्रसंगावरून हार्वे-जोन्स यांची थट्टा पुष्कळ झाली. ती मला अन्यायाची वाटते. पुढें त्या कारखान्यानें सावकाश, आपल्या चालीनें, कामाच्या पद्धति सुधारल्याच. तरी त्यांच्या दृष्टीची मर्यादा येथें स्पष्ट दिसते. बदलाचा वेग सतत वाढता ठेवणें हेंच व्यवस्थापकाचें काम, अशी त्यांची श्रद्धा होती. आय. सी. आय. सारखा थिजलेला हत्ती पाहिल्यावर तशी श्रद्धा बसणें स्वाभाविक आहे. परंतु कांहीं धंदे असे असतात कीं त्यांचा विलंब हाच त्यांचा माल असतो. पैठणी विणणाऱ्याला कोणी ‘मागावरून रोज एक उतरव’ म्हणून सांगितलें तर तो सल्ला हिशेबानें बरोबर असूनही पैठणीपुरता चुकीचा ठरेल. मॉर्गनचें गिऱ्हाईक गाडीइतकीच तिची वाटही विकत घेत होतें, आणि ही गोष्ट पाणबुडींत व पेट्रोकेमिकल्समध्यें शिकावयास मिळण्यासारखी नव्हती.

पगारी अधिपतीचें माप कोणतें, हा प्रश्न आरंभीं केला होता. त्यानें पुढच्याच्या हातीं काय दिलें, हें एक माप सुचतें. पण हार्वे-जोन्स यांच्या बाबतींत तें क्रूर होतें. १९९१ सालीं हॅन्सन कंपनीनें आय. सी. आय. चे थोडे भाग विकत घेतले आणि ती गिळंकृत होणार या भयानें मिलबँक हादरलें. १९९३ सालीं औषधांचा सोन्यासारखा धंदा झेनेका या नांवानें वेगळा काढण्यांत आला. १९९७ सालीं उरलेल्या कंपनीनें युनिलीव्हरकडून विशेष रसायनांचे धंदे सुमारें आठ अब्ज डॉलर मोजून घेतले व कर्जाखालीं वांकून आपले जुने कारखाने एकेक करून विकावयास काढले. हार्वे-जोन्स ज्या विल्टनला १९५६ सालीं रुजू झाले होते तें निरनिराळ्या कंपन्यांत वांटलें गेलें. २००८ च्या जानेवारीच्या २ तारखेस ॲक्झो नोबेल या डच कंपनीनें आय. सी. आय. पुरती ताब्यांत घेतली. त्यानंतर एका आठवड्यानें, ९ जानेवारीस, हार्वे-जोन्स वारले. पुढल्यांच्या कर्माचा बोजा मागल्याच्या माथीं मारतां येत नाहीं हें कबूल. परंतु मग १९८४ च्या अब्जाचें श्रेयही मागल्यांच्या व पुढल्यांच्या हिशेबांतून सुटें काढून एकट्याच्या पदरांत घालतां येणार नाहीं.

या दोन पुस्तकांपैकीं एकच वाचावयास वेळ असेल तर वाचकानें आत्मचरित्र घ्यावें. त्यांतही धारपासून विल्टनपर्यंतचा पूर्वार्ध. ‘मेकिंग इट हॅपन’ मधून संचालक-मंडळाचें विवेचन निवडून वाचावें, आणि तें वाचतांना शेजारीं पेटिग्र्यू यांचा ग्रंथ उघडा ठेवावा. तो प्राध्यापकी भाषेंत लिहिलेला, जड आणि कंटाळवाणा आहे, पण ज्या नऊ वर्षांत हार्वे-जोन्स सांगत राहिले आणि कोणीं ऐकलें नाहीं, तीं वर्षें तेथें सविस्तर सांपडतात.